लाल सुताचे पाच नर

बदकांच्या नऊ पिल्लांतून मी जे पाच नर म्हणून वेगळे काढले, त्या पाचही माद्या होत्या. आणि ज्या चार माद्या म्हणून काढल्या, ते चारही नर होते.

नऊपैकी नऊ चुकले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चार-पाच बरोबर आले असते. सगळेच्या सगळे चुकायला नुसतं अज्ञान पुरत नाही, त्याला अभ्यास लागतो. तो मी सहा महिने केला होता, सकाळ-संध्याकाळ, खुराड्यासमोर उकिडवं बसून.

आणि मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, हेही आत्ताच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त वाईट दिसेल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही नवराबायको भिवंडीत टेमघरला राहायचो. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, त्यात पेरूचं एक झाड, कपडे धुवायचा दगड आणि आधीच्या मालकानं कशासाठी तरी बांधलेला गुडघाभर खोल सिमेंटचा हौद. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे लूमची शेड. लूम दिवसरात्र चालायचे. आम्हाला त्या खडखडाटात गाढ झोप लागायची आणि लाइट जाऊन लूम थांबले की दचकून जाग यायची. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांचं बरोबर याच्या उलट व्हायचं, म्हणून पाहुणे फारसे टिकत नसत.

बायकोचं गाव अंबाडीच्या पुढे, रस्ता सोडून आत. ती स्वतः वाढली ठाण्यात, वडिलांच्या नोकरीमुळे; गावाला काका-काकी आणि शेती. या काकीकडे बदकं होती. लग्न होऊन काकी त्या घरात आली तेव्हा तिच्या आईनं डालग्यात घालून बदकांची एक जोडी सोबत दिली होती. पुढे तीस-पस्तीस वर्षांत माहेरची भांडी झिजली, लुगडी फाटली, आई गेली, भावांनी घर पाडून वेगवेगळी तीन बांधली. बदकं मात्र चालू राहिली. अंडी, पिल्लं, पुन्हा अंडी. घराशेजारच्या तळीवर ती पोहायची आणि काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही माज्या म्हायेरची."

त्या वर्षी संक्रांतीच्या आगेमागे घरातली सगळी माणसं गावातल्या एका हळदीला गेली होती. परत येतात तो भटक्या कुत्र्यांनी एकही बदक ठेवलेलं नव्हतं. पेंढ्यात लपवून घातलेली अकरा अंडी तेवढी राहिली होती. काकीच्या कोंबड्यांपैकी एकही तेव्हा खुडूक नव्हती. आमची होती. आमच्याकडे एकच कोंबडी होती आणि ती वर्षातले दहा महिने खुडूकच असायची; स्वभावानं इतकी तापट की तिच्या वाटेला मांजरसुद्धा जात नसे.

काकी ती अकरा अंडी पत्र्याच्या डब्यात कोंड्यात पुरून, डबा मांडीवर धरून, एसटीनं टेमघरला आली. कोंबडीखाली तिनं स्वतःच्या हातानं एकेक अंडं सरकवलं. कोंबडीनं तिला एकदाही टोचलं नाही. मग चहा पीत ती म्हणाली, "अर्धलीनं देली आसं समजा."

अर्धली म्हणजे जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा आणि पुढची पैदास दोघांत निम्मी निम्मी. त्या भागात शेळ्या, कोंबड्या अशाच दिल्या-घेतल्या जायच्या. पण काकीची अट जरा वेगळी होती.

"मोजून अर्धी नको," ती म्हणाली. "माद्या माज्या, नर तुमचं. नर मना गावात कोनाचा बी भेटंल. म्हायेरच्या माद्या कुठं भेटनार? नर तुमी खुशाल खा गटारीला."

"पण कळणार कसं, कुठला नर आणि कुठली मादी?" बायकोनं विचारलं.

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

काकीनं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मला स्पष्ट दिसलं होतं. पण जावयाच्या बोलण्यावर बोलायची त्यांच्याकडे रीत नव्हती. तिनं उघडलेलं तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमी मास्तर हाव. तुमाला कलंल."

माझ्या आयुष्यात माझ्यावर इतका विश्वास आधी कुणी टाकला नव्हता. पुढेही टाकला नाही.

कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी अंड्यातून बाहेर येतं, हे मला पाठ होतं. बाविसाव्या दिवशी मी अंडी नासल्याचं जाहीर केलं आणि ती टाकून द्यायला टोपली घेऊन खुराड्यात हात घातला. कोंबडीनं मनगटाला अशी टोच मारली की मी टोपली तिथेच सोडून टिंक्चर शोधत घरात आलो. बायको म्हणाली, "काकी महिना लागेल म्हणाली होती ना?" मला ते आठवत नव्हतं, मी तेव्हा 'ते माझ्यावर सोडा'च्या तयारीत असणार. अठ्ठाविसाव्या दिवशी नऊ पिल्लं बाहेर आली. म्हणजे काकीची माहेरची बदकं वाचवायचं पहिलं श्रेय त्या कोंबडीला जातं, आणि ती त्यांची कुणीही लागत नव्हती.

पिल्लं सुंदर होती. पिवळी, चपट्या चोचीची, एकामागे एक रांग करून चालणारी. पण सगळी एकसारखी. मी त्यांना उलटी केली, सुलटी केली, चोची पाहिल्या, पाय पाहिले, उन्हात धरून पाहिली. माझ्या या तपासणीचा परिणाम एवढाच झाला की मी दिसलो की नऊही पिल्लं हौदात उड्या टाकायची आणि कोंबडी काठावरून माझ्या नावानं शंख करायची. शेवटी मी ठरवलं, वाढू द्यावीत. मोठी झाली की निसर्ग आपोआप बोलेल.

निसर्ग एप्रिलमध्ये बोलला, दुपारी दीडच्या सुमाराला, लाइट गेल्यावर.

त्याआधी बोलला असेल तर लूमच्या आवाजात मला ऐकू आला नव्हता. शाळेतून येऊन जेवायला बसलो होतो. लूम थांबले, सगळीकडे शांत झालं आणि मागून एकदम कलकलाट ऐकू आला. पाच बदकं मान वर करून पॅक पॅक पॅक पॅक करून परसदार डोक्यावर घेत होती. उरलेली चार चोच उघडत होती, पण आतून नुसता हवा गेल्यासारखा घोगरा, दबका आवाज यायचा, घसा बसलेल्या माणसासारखा.

मी हात न धुताच मागे गेलो. माझं पहिलं निदान: घसाच बसलाय. शेडच्या झरोक्यातून कापसाचे तंतू सारखे उडत यायचे. आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, पेरूच्या पानांवर त्यांची लव असायची. बिचाऱ्यांच्या घशात तेच गेलं असणार. मी अडुळशाची पानं आणली, गूळ घालून काढा उकळला आणि एकेका घोगऱ्या बदकाला मांडीत धरून चमच्यानं पाजला. दहा दिवस, दोन वेळा. आवाज तसूभर सुधारला नाही. काढ्याची गोडी मात्र लागली. चमचा वाजला की ती चौघं धावत यायची आणि माझ्यासमोर चोच उघडून उभी राहायची.

अकराव्या दिवशी मला साक्षात्कार झाला. आवाज बसलेला नव्हताच. तो मुळातच हळू होता.

"त्या चार माद्या आहेत," मी बायकोला सांगितलं. "आणि ओरडतात ते पाच नर."

"हळू बोलतात म्हणून माद्या?"

"हो."

"या घरात राहून तुम्हाला असं वाटलं?"

मी तिला शांतपणे समजावलं. आरवतो कोण? कोंबडा. कोकिळांत गातो कोण? नर. पावसात डरावतो तो बेडूकसुद्धा नर. आवाज हे नराचं लक्षण. ती म्हणाली, "काकीला विचारू या का?" मी म्हणालो, "काकीला विचारायचं तर मी विज्ञान कशाला शिकलो?" यावर ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला पटल्यासारखं वाटलं. लग्नाला तीनच वर्षं झाली होती.

पलीकडच्या शेडमध्ये काम करणारा, उत्तरेकडून आलेला एक विणकर भिंतीला लागूनच्या खोलीत राहायचा. त्याची रात्रीची शिफ्ट असली की दिवसा झोपायचा, आणि लूमच्या खडखडाटात न मोडणारी त्याची झोप माझ्या बदकांनी मोडायची. एकदा त्यानं भिंतीवरून डोकं काढलं.

"मास्टरजी, ये आप की पाँचों औरतें बहुत बोलती हैं."

"औरतें नहीं, वो मर्द है," मी माझ्या भिवंडीच्या हिंदीत म्हणालो.

"जो चिल्लाती है वो मादा है, मास्टरजी. बत्तख में नर का गला बैठा रहता है."

"अरे भाई, मुर्गा बांग देता है ना? मुर्गी देती है क्या?"

"मुर्गा मुर्गा है मास्टरजी, बत्तख बत्तख है," एवढं म्हणून तो झोपायला गेला.

यापेक्षा शास्त्रीय वाक्य त्या वर्षी माझ्या कानावर पडलं नाही. पण बारा-बारा तास लूमवर काढणाऱ्या माणसाच्या कानावर मी काय विश्वास ठेवणार? त्याच्याच शेडमधलं उरलंसुरलं रंगीत सूत मी मागून आणलं आणि बदकांच्या पायात बांधलं. ओरडणाऱ्या पाचांच्या पायात लाल, घोगऱ्या चौघांच्या पायात हिरवं. लाल म्हणजे नर, हिरवं म्हणजे मादी. नर पाच आणि माद्या चारच निघाल्या, म्हणजे आपल्या वाट्याला एक जास्त येतंय, याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो. तो आनंद शास्त्रीय नव्हता.

जूनमध्ये आणखी पुरावा मिळाला. हिरव्या सुताच्या चौघांच्या शेपटीवर दोन-तीन पिसं वर वळून गोल मुरडली, अगदी अंबाड्यातून सुटलेल्या बटेसारखी. लाल सुताच्या एकाच्याही शेपटीवर तसलं काही नव्हतं. मी बायकोला हात धरून मागे नेलं.

"बघ. नखरा बघ. केस कुरळे करून घेतलेत. आता तरी पटलं?"

"मोराचा पिसारा कोणाला असतो हो?" तिनं विचारलं.

"मोर मोर आहे, बदक बदक आहे," मी म्हणालो.

मग पाऊस लागला, हौद भरला आणि हौदात मारामाऱ्या सुरू झाल्या. मुरडवाली हिरवी बदकं लाल सुताच्या पाठीवर चढायची, मानेची पिसं चोचीत धरून त्यांना पाण्यात दाबायची. मला भयंकर राग आला. चार माद्या मिळून पाच गरीब नरांना छळतायत! मी खराटा घेऊन हौदाशी पहारा करायला लागलो. एकीला हाकललं की दुसरी चढायची. बायको मागच्या दारात उभी होती.

"अहो, राहू द्या. ती मारत नाहीयेत."

"बुडवतायत त्या! मग काय करतायत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि आत निघून गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मला वाटलं, माझा कनवाळूपणा पाहून तिला बरं वाटलं असावं.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे गटारी लांबली. श्रावण तोंडावर आला आणि एका सकाळी खुराड्यात अंडं सापडलं. मोठं, जाड कवचाचं, किंचित निळसर पांढरं. कोंबडी त्यांच्याबरोबरच खुराड्यात झोपायची. "बघ," मी म्हणालो, "पावसाळी हवा हिला मानवली. केवढं घातलंय!" आणि तिची कणी वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी दोन.

"एका कोंबडीनं एका दिवसात दोन?" बायकोनं विचारलं.

"जुळी," मी म्हणालो.

आता इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा हात थांबतो. पण मी खरंच तसं म्हणालो होतो. आणि त्या अंड्यांचं आम्ही आम्लेट केलं, तेही लिहायला हवं.

गटारीला मी शाळेतल्या चार सहकाऱ्यांना जेवायला बोलावलं. बदकाचा रस्सा, भाकरी, भात. आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. पाच नर आणि सहा माणसं असा हिशेब मी फळ्यावर मांडायचाच बाकी होता. कापायला विणकर येणार होता. रात्रीची शिफ्ट संपवून सकाळी येतो म्हणाला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. चूक त्याची होती, पण मी ती पोटात घातली होती.

आदल्या दिवशी ठरल्याप्रमाणे काकीचा वाटा पाठवला. वाडा गावाकडे जाणारा एक ओळखीचा टेम्पोवाला होता. त्याच्याकडे हिरव्या सुताच्या चौघांचं डालगं दिलं आणि अंबाडी नाक्यावर काकांकडे उतरवायला सांगितलं. सोबत चिठ्ठी लिहिली. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात बायकोनं ती घडी घालून डालग्याला बांधली, म्हणून तिला मनातून शाबासकीही दिली.

गटारीची सकाळ. पाऊस बारीक पडत होता. विणकर मागच्या दगडावर सुरी परजत बसला होता. घरात कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटला होता. मी खुराड्याच्या दाराशी उभा राहून पाच नरांचा मनातल्या मनात निरोप घेत होतो, तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली.

काकी होती. डोक्यावर डालगं, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. पहिल्या गाडीनं निघाली होती. आमच्याकडे आली की आधी पाय धुवायची, देवाला हात जोडायची, मग बोलायची. त्या दिवशी उंबऱ्यातूनच म्हणाली:

"कापली?"

"नाही, आता कापणार," मी म्हणालो.

ती डालगं घेऊन तशीच खाली उंबऱ्यावर बसली. नुसती छातीवर हात ठेवून श्वास घेत राहिली. बायकोनं आतून पाणी आणलं, ते काकीनं एका दमात संपवलं आणि रिकामा तांब्या कपाळाला लावला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुठेतरी काहीतरी घोटाळा आहे, आणि तो टेम्पोवाल्यानं केला असावा.

चहा झाल्यावर तिनं कमरेची पिशवी सोडली आणि माझी चिठ्ठी काढली.

"जावईबापू, मना वाचता येत न्हाय. पोरानी वाचून दावली, पर मना वाटला, तो चुकला आसंल. तुमी मास्तर. जरा वाचा."

मी वर्गात वाचतो तसं वाचलं. "काकींना सादर नमस्कार. सोबत चार माद्या पाठवत आहे. प्रकृती उत्तम. आवाज हळू आहे, स्वभाव जरा भांडखोर आहे. पाच नर निघाले, ते ठरल्याप्रमाणे आमच्याकडे ठेवले आहेत."

"मागं बी काय तरी हाय."

मी चिठ्ठी उलटली. मागे बायकोचं अक्षर होतं. ते मी जरा हळू वाचलं. "काकी, यांचे नर अंडी घालायला लागलेत. गटारीच्या आत ये."

मी बायकोकडे पाहिलं. ती कढईतलं खोबरं एवढ्या एकाग्रतेनं परतत होती की जणू त्यातला एकेक कीस तिला ओळखीचा होता.

"तुला माहीत होतं?"

"खात्री जूनपासून," ती कढईला म्हणाली. "हौदापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं. तीनदा सांगितलं. तुम्ही मला बेडकाचं सांगितलंत."

काकी उठली आणि मला मागे घेऊन गेली. डालग्यातून तिनं एक हिरव्या सुताचं काढलं, माझ्या कानाशी धरलं. ते घोगरं फुसफुसलं. "ह्यो नर, जावईबापू." शेपटीच्या मुरडीवर बोट ठेवलं. "ही मुरड फकस्त नराला येते, जावईबापू." मग खुराड्यातून लाल सुताचं एक उचललं, त्यानं पॅक पॅक पॅक करून आमचे दोघांचे कान बधिर केले. "आनि ही मादी, जावईबापू. माज्या आयची." एवढ्या आदरानं माझा इतका अपमान आधी कुणी केला नव्हता. प्रत्येक वाक्याला जावईबापू होतं आणि प्रत्येक जावईबापूला मी दोन इंच खचत होतो. पण शेवटचं वाक्य बोलताना तिनं ते बदक गालाशी धरलं होतं आणि तिला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. ते तिच्या कानाशी कोकलत होतं आणि ती हसत होती.

विणकर सुरी हातात घेऊन उभा होता. "मास्टरजी, पहले तय कर लो, काटना किसको है."

"आपने पहले ही बोला था," मी पडल्या आवाजात म्हणालो.

"हमने तो सोने के वास्ते बोला था," तो म्हणाला.

"आतापर्यंत किती अंडी निगाली?" काकीनं विचारलं.

"सात-आठ," मी म्हणालो.

"कुठं हायत?"

मी मागच्या दारातून आतल्या कढईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं आणि समजून गेली. त्या सकाळची दोन ताजी अंडी मात्र तिनं स्वतः खुराड्यातून काढली आणि पदरात बांधली.

आता ठरल्याप्रमाणे नर आमचे. काकी म्हणाली, एक मना द्या, तीन तुमी खा. विणकरानं डालग्यात हात घातला आणि एकाला बाहेर काढलं. त्या बदकानं मला पाहिलं, मान लांब केली आणि चोच उघडली. काढ्यासाठी. मागून डालग्यातल्या दुसऱ्यांनीही उघडली.

मी विणकराला म्हणालो, "रहने दो."

"इसको भी नहीं?"

"इसका गला खराब है," मी म्हणालो.

बारा वाजता चार सहकारी छत्र्या मिटत आले. त्यांना वालाचं बिरडं मिळालं; वाल बायकोनं दोन दिवस आधीच भिजत घातले होते. बदकाच्या रश्शासाठी केलेलं वाटण वालात घातलं होतं, त्यामुळे बिरडं फार उत्तम झालं होतं. पण गटारीला बोलावून वाल वाढणारा यजमान त्यांनी आजवर पाहिला नव्हता. कारण सांगावं लागलं. ते काकीनं सांगितलं, चिठ्ठी हातात धरून, दोन्ही बाजूंसकट. वाचता येत नसूनही तिला ती तोंडपाठ झाली होती. विणकरही पंगतीला होता, त्यानं मुर्ग्याचा भाग जोडला. बायकोनं बेडकाचा. भूगोलाच्या शिक्षकांना हसता हसता ठसका लागला आणि मला त्यांची पाठ थोपटत बसावं लागलं. सोमवारी आठवीच्या वर्गात गेलो तर फळ्यावर नऊ बदकं काढलेली होती. खाली लिहिलं होतं, 'नर ओळखा.'

मी ती पुसली नाहीत. धडा वनस्पतींचा होता, तो फळ्याच्या उरलेल्या बाजूला शिकवला.

काकी त्याच दुपारी पाच माद्या आणि एक नर घेऊन गेली. उरलेले तिघे नर आमच्या हौदात पुढे बरीच वर्षं राहिले. कुणाचीही झोप न मोडता, घोगऱ्या आवाजात आपसात बोलत. विणकर त्यांच्यावर खूश होता. भाकरीचा तुकडा भिंतीवरून टाकायचा आणि म्हणायचा, "ये हैं शरीफ लोग."

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावाला गेलो. तळीचं पाणी आटून निम्मं झालं होतं, पण त्यावर जागा शिल्लक नव्हती. माहेरच्या पाच माद्या, आणि त्यांच्यामागे पिवळ्या पिल्लांच्या रांगा. मी मोजायला गेलो आणि दोनदा चुकलो. माद्यांच्या पायातलं लाल सूत काकीनं काढलं नव्हतं. पार विटून गुलाबी झालं होतं. का ठेवलंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "लोकांना दावायला." गावातली सगळी माणसं ते सूत ओळखत होती. मी नाक्यावर उतरलो तेव्हा पानवाल्यानं, मी काही विचारायच्या आधीच, काकीच्या घराची वाट दाखवली होती, ती का, हे मला तेव्हा कळलं.

पण आता मला सगळं येत होतं. आवाज, मुरड, चोच, बांधा, सगळं. काठावर शेजारच्या चार बाया धुणं धूत होत्या. हरवलेली अब्रू परत मिळवायची याहून चांगली जागा नव्हती. मी वाकलो, काठाला आलेलं एक पिल्लू अलगद उचललं. चार-पाच दिवसांचं असेल, तळहातावर मावत होतं. ते चिवचिवलं. मी ते कानाशी धरलं, मान हलवली, शेपटीची लव बोटानं सारखी केली आणि बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "ही बघा, ही मादी."

धुणं थांबलं. काकी पाण्यात होती. ती लुगडं खोचून तशीच काठावर आली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर बोलली.

"जावईबापू, ठेवा ते पिल्लू खाली. त्याचा त्यालाच आजून ठाव न्हाय, आनि तुमाला काय डोंबल कलतंय!"